पाण्याचा धडा : आधी शिक्षकांसाठी

वैद्यक मंडळाच्या स्मरणिकेत डॉक्टरांनी एखाद्या नव्या लसीविषयी किंवा नव्या तपासणीविषयी लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. यंदा मात्र संपादकांची परवानगी घेऊन मी शाळेच्या पाण्याविषयी आणि त्याहूनही अधिक, पाण्याचा धडा शिकवणाऱ्या शिक्षकांविषयी लिहिणार आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. शहरातील शिक्षकांना पाण्याविषयी आपण जे प्रशिक्षण देतो ते प्रायः घोषवाक्यांचे असते. त्यांना स्वतःच्या शाळेचे पाणी पाहण्याची, मोजण्याची आणि त्याविषयी निर्भयपणे बोलण्याची सोय करून द्यायला हवी. ती झाली नाही, तर जलसंवर्धन हा विषय वार्षिक चित्रकला स्पर्धेपुरताच उरेल.

बालरोगतज्ज्ञाने या भानगडीत का पडावे, असे काही सहकारी विचारतात. त्यांनी आपल्याच ओपीडीतील आठ ते बारा वर्षांच्या मुली आठवून पाहाव्यात. वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, हट्टी बद्धकोष्ठ, दुपारी घरी येताच डोकेदुखी. युरिन कल्चर होते, सोनोग्राफी होते, मूत्रपिंडाची रचना उत्तम असते. मग आई बाहेर बसली असताना मुलीला एकच प्रश्न विचारावा, "शाळेत पाणी पितेस का ग?" उत्तर बहुधा ठरलेले असते. सकाळी सातला गेलेली मुलगी दुपारी एकला घरी येईपर्यंत एकदाही लघवीला जात नाही, कारण शाळेचे स्वच्छतागृह तिला नकोसे वाटते. आणि जावे लागू नये म्हणून ती पाणीच पीत नाही. बाटली जशी भरून नेली तशीच परत येते. बडोद्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांवर जातो तेव्हासुद्धा! अशाच एका मुलीने मला गंभीरपणे सांगितले होते, "बाई म्हणतात, पाणी कमी वापरा." बाईंचा हेतू चांगला होता. पण पिण्याचे पाणी वाचवायचे नसते, एवढी साधी गोष्ट त्या घोषवाक्यात कोठेही नव्हती आणि बाईंच्या प्रशिक्षणातही नसावी.

आपल्या शहराच्या बाबतीत हे अधिकच खटकते. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. त्याच राजवटीत, १८९०च्या सुमारास, आजव्याचा तलाव उभा राहिला आणि शहराला नळाचे पाणी मिळू लागले. १८९१ च्या जनगणनेत बडोद्याची वस्ती सुमारे १ लाख १६ हजार होती. तिच्यासाठी वीसेक किलोमीटरांवरून, केवळ जमिनीच्या उताराच्या जोरावर, पाणी आणले गेले. आज इतक्या वर्षांनीही शहराच्या पूर्वेकडील भाग आजव्याचेच पाणी पितो. ते निमेट्याला गाळले जाते. उरलेले शहर मही नदीच्या पात्रातील फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा येथील विहिरींवर आणि नर्मदेच्या कालव्यावर अवलंबून आहे. महीतल्या या विहिरींना इथे 'फ्रेंच कुवा' म्हणतात. नदीच्या वाळूतून आडव्या नळ्यांनी पाणी ओढून घेणारी ही रचना, खरे तर, सहावी-सातवीच्या मुलांना वेडावून टाकील इतकी रंजक आहे.

पण ती त्यांना सांगणार कोण? केंद्रीय अभ्यासक्रमाच्या पाचवीच्या जुन्या परिसर-अभ्यासाच्या पुस्तकात जैसलमेरच्या घडसीसर तलावावर एक सुंदर पाठ होता. बडोद्याची मुले तो मन लावून शिकली. घडसीसर कोणी बांधला, तो भरला की पुढच्या तलावात पाणी कसे जाते, हे त्यांना पाठ असे. आजव्याचे पाणी ज्या नळाने वर्गाबाहेर गळत होते, त्याविषयी मात्र एक ओळही नव्हती. दोष पुस्तकाचा नव्हे. देशभरासाठी लिहिलेल्या पुस्तकात आजवा कसा येणार? घडसीसर शिकवता शिकवता खिडकीतून बोट दाखवून "आता आपला तलाव पाहू" म्हणणे हे शिक्षकाचे काम, आणि त्यासाठी आधी शिक्षकाने तो पाहिलेला असला पाहिजे. आजव्याला सहलीला सगळेच गेले आहेत, पण ते बागेत आणि वॉटर पार्कमध्ये.

काही काळापूर्वी शहरातील एका शाळेत तीसेक शिक्षकांसमोर बोलण्याचा योग आला. व्याख्यान नको असे आधीच ठरवले होते. पहिला प्रश्न टाकला, "या शाळेचे पाणी कोठून येते?" उत्तरे आली, गच्चीवरच्या टाकीतून, नर्मदेतून, नळातून. दुसरा प्रश्न, "टाकी शेवटची केव्हा धुतली?" शांतता. तिसरा, "स्वच्छतागृहातून निघालेले पाणी कोठे जाते?" यावर कोणीतरी हसले. तेव्हा दाराशी उभा असलेला पट्टेवाला पुढे झाला. पाणी किती वाजता येते, किती मिनिटे येते, पहिली पाच मिनिटे गढूळ का येते, टाकीचे झाकण कोणत्या पावसात उडाले, गटाराचे चेंबर कोणत्या कोपऱ्यात आहे, हे सगळे त्याने सांगितले. त्या सभेतील जलतज्ज्ञ तोच होता. शिक्षकांच्या प्रत्येक पाणी-प्रशिक्षणात शाळेच्या पट्टेवाल्याला आणि सफाई करणाऱ्या मावशींना बरोबरीच्या खुर्चीवर बसवावे, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.

त्या दिवशी एक प्रयोग केला, तो येथे सविस्तर देतो, कारण कोणाही डॉक्टरला तो करता येईल. सलाईनची बाटली स्वच्छ पाण्याने भरून उंच टांगली. तिचा आयव्ही सेट निळ्या शाईच्या पाण्याने भरलेल्या तसराळ्यातून नेला आणि बुडालेल्या भागात नळीला सुईने दोन-तीन भोके पाडली. बाटली उंचावर असेपर्यंत नळीत दाब असतो. भोकांतून स्वच्छ पाणी बाहेर जाते, शाई आत शिरत नाही. मग बाटलीखालची चकती बंद करून नळीच्या टोकाला सिरिंज लावली आणि दांडा ओढला. क्षणात नळीत निळे पाणी! बाटली पुन्हा सुरू केली तेव्हा पहिले पाणी निळे आले, मग हळूहळू स्वच्छ झाले. वर्गात एकदम गलका झाला. दिवसातून एकदाच, थोडा वेळ येणारे पाणी बंद झाले की नळ्या रिकाम्या होतात आणि शेजारच्या फुटक्या गटाराचे पाणी त्यांत शिरते. रहिवासी थेट नळाला मोटर लावतात तेव्हा तर ते ओढूनच घेतले जाते. हे मी अर्धा तास बोललो असतो तरी जे पटले नसते, ते त्या दोन मिनिटांत पटले. एका बाईंनी लगेच विचारले, "म्हणजे आमची आजी नळाची पहिली बादली प्यायला घेत नसे, ते बरोबर होतं?" बरोबर होते. ती बादली झाडांना घालावी, फरशीला वापरावी. 'एक थेंबही सोडू नका' हा उपदेश आणि आजीची रीत यांत मी आजीच्या बाजूचा आहे.

पावसाळ्यात कावीळ आणि विषमज्वराचे रुग्ण का वाढतात, हे शिक्षकांना यानंतर वेगळे सांगावे लागले नाही. एक गोष्ट मात्र मी मुद्दाम सांगितली. दूषित पाण्यातून येणारी 'ए' प्रकारची कावीळ लहान मुलांत बहुधा सौम्य असते, पण 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाल्यास मृत्यूचे प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात जाऊ शकते. समोर बसलेल्या शिक्षिकांपैकी कित्येक तरुण होत्या. शाळेचे पाणी त्याही पितात. तोवर मुलांच्या आरोग्याचा मानला गेलेला प्रश्न त्यांचा स्वतःचाही झाला.

आता तपासणीविषयी. पाण्यातील मलदूषण ओळखण्याची एक अत्यंत सोपी बाटली-चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी तयार केली आणि १९८२ साली ती जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाली. बाटलीत औषध लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायचे. जंतूंनी हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण केला की पाणी काळे पडते. इन्क्युबेटरची आवश्यकता नाही. बडोद्याचा उन्हाळा त्याचे काम फुकटात करतो. ग्वाल्हेर हे आपल्यासारख्याच मराठी मंडळींचे जुने गाव, म्हणून थोडा जास्त अभिमान वाटतो, हेही कबूल केले पाहिजे! पण डॉक्टर म्हणून मर्यादाही सांगितली पाहिजे. ही चाळणी-चाचणी आहे, निवाडा नव्हे. कूपनलिकेच्या पाण्यात इतर जंतूंमुळेही बाटली काळी पडू शकते. काळी बाटली म्हणजे 'प्रयोगशाळेत पाठवा' एवढाच अर्थ घ्यावा, आणि फेकण्यापूर्वी तीत ब्लीचिंग पावडरचे पाणी ओतावे. तिच्या जोडीला क्लोरीन मोजण्याची साधी पेटी ठेवावी. भारतीय मानकानुसार निर्जंतुक केलेल्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. रस्त्यावरच्या नळाशी ते पुरेसे असते आणि न धुतलेल्या टाकीत दोन दिवस राहिल्यावर नाहीसे होते, हे पाचवीचा मुलगादेखील रंग पाहून सांगू शकतो.

इथवर सारे आनंदात चालले होते. मग मागच्या बाकावरील एक अनुभवी शिक्षिका उठल्या आणि त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, बाटली काळी झाली तर मी कुणाला सांगायचं?" त्यांनी सांगितलेली हकिकत अशी. पूर्वी एका शाळेत असताना त्यांनी टाकीत मेलेले पाखरू पाहिले, वरिष्ठांना लेखी कळवले, आणि त्यांना उत्तर मिळाले की शाळेची बदनामी करू नये. पुढच्या वर्षी त्यांचा वर्ग बदलला. तेव्हापासून त्या 'पाणी हेच जीवन' या विषयावर निबंध लिहून घेतात, त्यात कोणालाच धोका नसतो!

या प्रश्नाला प्रशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तिकेत उत्तर नाही, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. शिक्षकांना माहिती कमी आहे असे समजून आपण त्यांच्यावर माहितीचा मारा करतो. माहिती दोन दिवसांत मिळते. पण जो शिक्षक आपल्याच शाळेच्या टाकीत डोकावू शकत नाही, तो मुलांना नदीची जबाबदारी काय शिकवणार? मुले फार चाणाक्ष असतात. फळ्यावर 'जल है तो कल है' लिहिलेले असते आणि खाली परबेच्या तीन तोट्यांपैकी दोन गळत असतात, यातले खरे काय ते त्यांना बरोबर कळते. (आपण पाणपोई म्हणतो तिला इथे परब म्हणतात, शाळेतल्या पाणी पिण्याच्या जागेलाही तोच शब्द आहे, आणि मला तो फार आवडतो.)

शिक्षकांवर आधीच ओझे आहे, हा आक्षेप मी मान्य करतो. निवडणुका, जनगणना, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाइन माहिती; त्यात आणखी पाणी कशाला? परंतु नवे काही लादावे असे मी म्हणत नाही. पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीने शिकवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये दिला. तेव्हापासून तो वेळापत्रकात आहेच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पिण्याचे सुरक्षित पाणी आणि मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे ही शाळेची अट ठरवली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा आहे. त्या ५० तासांतील १२ तास, म्हणजे दोन दिवस, मला पुरेसे आहेत. पडद्यावर चित्रफिती दाखवून ते खर्ची पडू नयेत, एवढेच मागणे.

पहिला दिवस पायी आणि बसने. आजवा, निमेटा, शहरातील उंच टाकी, शाळेचा नळ, शाळेची टाकी, परब, स्वच्छतागृह, गटार, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि शेवटी विश्वामित्री. हा क्रम उलटा करू नये. तलावापासून निघून नदीत पोहोचेपर्यंत एकाच पाण्याच्या मागे चालले की, 'वापरलेले पाणी' नावाची वेगळी वस्तू नसते, हे आपोआप ध्यानात येते. दुसरा दिवस शाळेतच, मोजमापाचा. गळक्या तोटीखाली मापाचे भांडे आणि घड्याळ. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाकाठी पंधरा-वीस लिटर जातात. फ्लशच्या टाकीत थोडी शाई टाकून, न वापरता अर्ध्या तासाने भांड्यात रंग उतरतो का ते पाहायचे. गळती असली तर ती अशी सापडते. गच्चीचे क्षेत्रफळ मोजायचे. बडोद्याचा पाऊस वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर त्या हिशेबाने साडेचार लाख लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे ४५ टँकर. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण घेतले तर मुले शेकडेवारी विसरणार नाहीत. मात्र ते पाणी गच्ची न धुता, न गाळता सरळ कूपनलिकेत सोडू नये. भूजल एकदा बिघडले की ते धुता येत नाही.

दात घासताना नळ बंद करा, हा धडा मी या दोन दिवसांत ठेवलेला नाही. तो चुकीचा नाही. पण तो इतका सोयीचा आहे की त्यापुढे कोणी जातच नाही. ज्यांच्या घरी तासभरही पाणी येत नाही अशा वस्तीतल्या मुलाला तो ऐकवणे तर क्रूर आहे. त्या मुलाच्या घरी पिंपात पाणी साठवतात, आणि त्याला आपण शिकवायला हवे ते हे की पिंप झाकावे, आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावे. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन् महिने टिकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेचे कूलर आणि टाक्या नुसत्या भरल्या तर काय होते, हे आपण सारे जुलै-ऑगस्टमध्ये पाहतो.

ऑगस्ट २०२४चा पूर अजून ताजा आहे. काळा घोडा पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट; विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. चौफेर पाणी आणि प्यायला पाणी नाही, अशी अवस्था कित्येक सोसायट्यांची झाली. त्या दिवसांत फोनवर मला सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न औषधांचा नव्हता. बुडालेली जमिनीखालची टाकी कशी स्वच्छ करायची, क्लोरीनच्या गोळ्या किती टाकायच्या, हा होता. विचारणारे सगळे पदवीधर होते. पावसाळ्यात आजव्याची पातळी २१२ आहे की २१४ याची चर्चा पानाच्या गादीवरही चालते, पण तो आकडा आणि आपले तळघर यांच्यामध्ये असलेल्या ओढ्यांचे, घळींचे आणि तळ्यांचे आपण काय केले, हे कोणत्याच वर्गात शिकवले जात नाही. पावागढच्या डोंगरातून निघणारी, कमाटीबागेतून वाहणारी, शेकडो मगरी अंगाखांद्यावर बाळगणारी ही नदी मुलांना ठाऊक आहे ती फक्त मगरींपुरती. शिक्षकांनी जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी ठेवून दाखवला तरी पुष्कळ होईल.

आता आपल्या मंडळाने काय करावे. त्या शिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही. नंतर सुचले ते असे. पाणी तपासायचे ते शिक्षकांनी आणि मुलांनी, पण निष्कर्षाचे पत्र जावे ते मंडळाच्या नावाने, दोन डॉक्टरांच्या सहीने. त्यात शिक्षकाचे नाव नको, वर्तमानपत्रात बातमी नको. आधी मुख्याध्यापकांशी समोरासमोर बोलणे, टाकी धुण्यासाठी पंधरा दिवस, पुन्हा तपासणी. तोवरही काही हालले नाही तर वरच्या कार्यालयाला पत्र, तेही आपलेच. शाळेला मदत करायला आलेला डॉक्टर आणि शाळेची तक्रार करणारा शिक्षक, यांच्याकडे पाहण्याची दृष्टी फार वेगळी असते. या फरकाचा उपयोग आपण करून घ्यायला हवा. पॅथॉलॉजिस्ट मित्रांनी संशयित नमुने विनामूल्य तपासून दिले तर खर्चही नगण्य आहे. आणि पत्रात पाण्याबरोबर स्वच्छतागृहाच्या कडीचा आणि बादलीचाही उल्लेख असावा, कारण त्या मुली पाणी पीत नाहीत ते टाकीमुळे नव्हे, तुटलेल्या कडीमुळे.

मंडळाच्या मागील सभेत हा प्रस्ताव मांडला, तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की हे नगरपालिकेचे काम आहे. आहेच. पण लसीकरणही सरकारचेच काम होते, आणि पोलिओच्या रविवारी आपण सगळे बूथवर बसत होतो. तेव्हा कोणी आपल्याला हे विचारले नाही.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी तीन शाळांपासून सुरुवात करावी, असे ठरते आहे. त्यांपैकी एक मराठी माध्यमाची असावी असा माझा आग्रह आहे. उरल्यात तशा थोड्या शाळा, आणि त्यांच्याकडे सहसा कोणी जात नाही. चाचणीच्या बाटल्या सध्या माझ्या दवाखान्यात आहेत, वीसच आहेत. जे सदस्य एका शाळेची जबाबदारी वर्षभरासाठी घेऊ इच्छितात, त्यांनी मेअखेर सचिवांकडे नाव द्यावे, आणि येताना निकामी झालेला एक आयव्ही सेट व शाईची बाटली आणावी.